अंगठ्याच्या आधी अक्षर
(माजिवडा येथील बैठकीत केलेले भाषण)



वनहक्काच्या दाव्यावर आपण अंगठे दिले. उद्या पट्टा हातात आला तरी त्यात क्षेत्र किती लिहिलंय, ते वाचायला दुसऱ्याच्या दारात जायचं. सावकारांनी कोऱ्या कागदावर अंगठे घेऊनच आपल्या जमिनी नेल्या. म्हणून वाचता येणं हा जमिनीचाच प्रश्न आहे. आणि त्याची सुरुवात पहिलीत नाही, तीन वर्षांच्या पोरापासून होते.

घरात वारली नाहीतर कातकरी बोली, शाळेत गुरुजींची भाषा वेगळी. पोराला कळत नाही, ते गप्प बसतं. दिवाळीनंतर आईबापाबरोबर वीटभट्टीवर जातं आणि शाळा सुटते. मग लोक म्हणतात, आदिवासींना शिक्षणाची आवड नाही. हे खोटं आहे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते डहाणू तालुक्यात कोसबाडला नेलं. पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावर, अंगणात नेली. तीच अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली. आधी गाणी, गोष्टी, बिया-खडे मोजणं, अक्षर त्यानंतर.

आज अंगणवाडीत खाऊ मिळतो, तो हवाच. पण पोराशी त्याच्या बोलीत बोलणारी, गोष्ट सांगणारी पाड्यातलीच बाई तिथे पाहिजे.

आणि जिथे अंगणवाडीच नाही तिथे? डिसेंबर २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं हुकूम दिला : वस्तीत सहा वर्षांखालची ४० मुलं असतील, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी द्यायची. मुलं कमी असली तरी अंगणवाडी मागा. जंगलाची जागा मिळत नाही, असं साहेब म्हणतील. त्याच महिन्यात झालेल्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) त्यांना दाखवा. अंगणवाडीसाठी एक हेक्टरच्या आतली वनजमीन देता येते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. म्हणजे चावी आपल्याच हातात आहे.

तेव्हा पाड्यावर गेल्यावर घरोघर पोरं मोजा, नावं-वयं लिहा, ग्रामसभेत ठराव घ्या, अर्जाची पोच घ्या. पट्टा आपण लढून मिळवू. तो वाचणारं पोरही आपणच घडवायचं आहे.

जिंदाबाद!