फिरत्या घराची वीज

माथेरान हें मोटारीला वेशीबाहेर उभें करणारें गांव. १९०७ सालीं नेरळहून छोटी आगगाडी वर आली. पर्यटकांच्या मोटारींना मात्र आजहि दस्तुरी नाक्यापुढें जातां येत नाहीं. तेव्हां निजण्याची फळी, लहानशी चूल आणि शीतकपाट बसविलेलें ‘कॅरव्हान’ घेऊन जें कुटुंब माथेरानास निघतें, त्यानें नेरळ-कर्जतकडील एखाद्या बागेंत मुक्काम करावा हेंच सोयीचें. महाराष्ट्र सरकारनें अशा पर्यटनासाठीं २०२१ सालीं धोरण आंखलें. धोरण कागदावर असतें; रात्रीं पंखा फिरतो तो बागवाल्याच्या विजेवर.

ही वीज तपासून घेण्याचें कारण साधें आहे. फिरतें घर रबराच्या चाकांवर, जमिनीपासून तुटून उभें असतें. एखादी तार घासली, तिचा प्रवाह पत्र्यांत उतरला आणि प्लगाचा तिसरा, जाड पाय, म्हणजे अर्थिंगचा, जमिनीपर्यंत पोंचतच नसला, तर सारें घर विजेनें भारून उभें राहतें. आंत बसलेल्यांना त्याचा पत्ताहि नसतो. पावसांत भिजलेल्या मातींत अनवाणी उभें राहून कोणी दाराची मूठ धरली, कीं त्या देहांतूनच वीज वाट काढते. आणि खेळून धांवत परत येणारें मूलच पुष्कळदां पहिल्यानें ती मूठ धरतें.

टेस्टरचा दिवा लागला म्हणून समाधान मानणारे पुष्कळ आहेत. तो दिवा वीज आहे एवढेंच सांगतो. अर्थिंगविषयीं तो मुका. मीटर घ्यावा. खालच्या दोन भोकांमध्यें २३० व्होल्टच्या आसपास दाब हवा, उजव्या भोकांत व वरच्या मोठ्या भोकांत जवळजवळ तितकाच, आणि डाव्यांत व वरच्यांत फार तर दोन-चार व्होल्ट. तथापि मीटर अत्यल्प प्रवाह ओढतो, त्यामुळें कच्चें अर्थिंगहि त्याला पक्कें भासतें. त्याचा रोध जाणत्या वायरमनकडून मोजून घेणें उत्तम. मे महिन्यांत माती वाळली कीं चांगलें अर्थिंगहि दुबळें होतें. खड्ड्यांत पाणी ओतण्याची जुनी रीत कांहीं उगीच पडलेली नाहीं.

बागेंतील वीज शेतपंपाच्या तीन फेजांवरून घेतलेली असल्यास अधिक जपावें. तेथें न्यूट्रल तार तुटली, तर २३० चा दाब ४०० कडे झेंप घेतो आणि शीतकपाट क्षणांत जळतें. दाब २०७ च्या खालीं किंवा २५३ च्या वर दिसला, तर गाडी जोडूंच नये. तीस मिलिअँपिअरवर तुटणारा आर.सी.सी.बी. गाडींत असावाच. मात्र अर्थिंग नसेल तेथें तो माणसाला धक्का बसूं लागल्यावरच तुटतो, ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत धरावी.

मापें जुळलीं नाहींत, तर यजमानाच्या भिडेस न पडतां ती रात्र बॅटरीच्या दिव्यावर काढावी. जुळलीं, तर गाडींतील मुख्य कळ बंद ठेवून तार जोडावी. सकाळीं दस्तुरीकडे निघतांना प्रथम बागेकडील कळ बंद करावी, मग तेथील प्लग काढावा आणि गाडीकडील टोंक शेवटीं सोडवावें. उलट केल्यास हातांतली तार जिवंतच राहते.