सार्वजनिक काकांची वकिली

श्रोतेहो, जामखेडच्या कोर्टाची पायरी चढण्याआधी एका जुन्या वकिलाची हकिगत ऐका. गणेश वासुदेव जोशी साताऱ्याचे. जन्म १८२८ सालचा. पुण्यास त्यांनी वकिली मांडली आणि १८७० साली सार्वजनिक सभा उभारली. लोक त्यांना ‘सार्वजनिक काका’च म्हणू लागले.

वकिलाचे पोट भांडणावर, नाही का? पण काकांनी भांडणे मिटवण्याचेच काम हाती घेतले. सभेच्या पुढाकाराने पुण्यात लवाद कोर्ट निघाले. दोघांनी पंच मानायचे, पंचांनी निवाडा करायचा. पैसा वाचला, हेलपाटे वाचले.

तो काळ मोठा कठीण होता. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. मग १८७९ चा कायदा आला आणि तो नगर जिल्ह्याला, म्हणजे आपल्या जामखेडलाही, लागू झाला. खतामागचा खरा हिशोब तपासण्याचा अधिकार न्यायाधीशांना मिळाला. तडजोडीसाठी मध्यस्थ नेमले गेले. त्याच साली वासुदेव बळवंत फडक्यांचे वकीलपत्र काकांनी निर्भयपणे घेतले. १८८० साली ते वारले.

गुरुजी, मुलांना एवढे सांगा: बांधाचा तंटा असेल तर आधी चावडीवर बसा. आणि मंडळी, कोऱ्या कागदावर अंगठा उठवू नका.