माइनक्राफ्टमध्ये वेळ नक्की जातो कुठे?

(पॉडकास्टच्या एपिसोडचं लेखी रूप. बोलताना आलेले ‘अं’, ‘म्हणजे कसं’ वगैरे शक्य तितके काढलेत. सगळे नाही निघाले.)



आजचा एपिसोड एका मेसेजमुळे करतोय. आपला एक श्रोता आहे, बारावीला. त्याने लिहिलंय: “दादा, मला रोज पाऊण तास फोन मिळतो. महिनाभर खणतोय, हातात सहा डायमंड आहेत. ग्रुपच्या वर्ल्डमध्ये सगळे पुढे गेले. मी आता लोखंड साठवून बीकन बांधणार आहे, म्हणजे खणायचा स्पीड वाढेल. फुल पिरॅमिडला किती लागेल?”

प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. चार थरांचा पिरॅमिड म्हणजे ८१ अधिक ४९ अधिक २५ अधिक ९, एकूण १६४ ब्लॉक. एका लोखंडी ब्लॉकला ९ इन्गट, म्हणजे १,४७६ इन्गट. झालं. पण हे उत्तर देऊन मोकळं व्हावंसं मला वाटेना. कारण रोज पाऊण तास खेळणाऱ्या माणसाने १,४७६ लोखंड गोळा करायचं ठरवलं, तर आधी विचारायला हवं की बाबा रे, हे कशासाठी?

आम्ही सॉफ्टवेअरवाले एक गोष्ट रोज बघतो. प्रोग्रॅम स्लो चालतोय म्हटलं की प्रत्येकाला वाटतं, आपल्याला माहितीये कुठे अडलंय. आणि मोजून बघितलं की अडलेलं भलतीकडेच असतं. म्हणून आधी प्रोफाइल करायचं, म्हणजे वेळ कुठे जातोय ते मोजायचं, मग हात लावायचा. मी त्याला तेच सांगितलं: एक दिवस शेजारी स्टॉपवॉच ठेव आणि लिहून काढ.

त्याने काढलं बरं का! कौतुक आहे पोराचं. ४५ मिनिटांचा हिशोब असा आला. प्रत्यक्ष खणणं १४ मिनिटं. खाणीत उतरणं आणि वर येणं ८. पेट्यांमध्ये सामान लावणं ७. रस्ता चुकून भटकणं ६. मरून परत सामान आणायला पळणं ६. भट्टीसमोर उभं राहणं ४.

बघा आता. खणणं फक्त १४ मिनिटं. उद्या त्याचा हात लागताच दगड फुटायला लागले, खणायला शून्य सेकंद लागले, तरी ३१ मिनिटं तशीच राहतात. याला आमच्याकडे अॅमडालचा नियम म्हणतात. जीन अॅमडाल या कंप्युटर इंजिनिअरने १९६७ मध्ये मांडलेला. एखादा भाग कितीही वेगवान केलात, तरी एकूण फायदा तो भाग मुळात किती वेळ खात होता त्यावरच ठरतो.

आता खणण्याचेच आकडे घ्या. खाली डीपस्लेट लागतो, तो साध्या दगडाच्या दुप्पट कडक. जावा एडिशनच्या सूत्राने लोखंडी पिकॅक्सला एक डीपस्लेट फोडायला पाऊण सेकंद लागतो, डायमंडच्याला ०.६ सेकंद. (फोनवर बेडरॉक एडिशन असतं, त्यात टचचा उशीर वगैरे धरून आकडे जरा इकडेतिकडे होतील. प्रमाण ध्यानात ठेवा.) म्हणजे तीन हिरे घालून फरक पडला २० टक्क्यांचा. त्याच्या १४ मिनिटांची ११ झाली. तीन मिनिटं वाचली, आणि पेट्यांमध्ये सात जातायत!

आणि बीकन? त्याच डायमंड पिकॅक्सवर पूर्ण पिरॅमिडचा हेस्ट टू घेतला तर ०.६ चे होतात ०.४५. १,४७६ लोखंड देऊन दर ब्लॉकमागे ०.१५ सेकंद. उलट बीकन नसताना त्याच पिकॅक्सवर एफिशिअन्सी फाइव्ह चढवलं, तर ०.१५ सेकंदात ब्लॉक फुटतो. चौपट वेग. बीकन आणि एफिशिअन्सी फाइव्ह मिळून साधा दगड हात लावताच उडतो हे खरं, व्हिडिओत तेच दाखवतात. डीपस्लेट मात्र तसा उडत नाही, आणि डायमंड डीपस्लेटमध्येच जास्त आहेत. हे व्हिडिओत कोणी सांगत नाही.

शिवाय नुसता हेस्ट वन हवा असेल तर एकाच थराचा पिरॅमिड पुरतो. ९ ब्लॉक, ८१ इन्गट. १,४७६ नाही. (विदरला मारून नेदर स्टार आणायचा तो वेगळाच, पण तो दोन्हीकडे लागतोच.) ऑफिसमध्ये आम्ही याला ‘रिक्वायरमेंट नीट वाच’ म्हणतो आणि तिथेही कोणी वाचत नाही.

मग त्या ३१ मिनिटांचं काय करायचं?

सगळ्यात आधी राहायला खाली जा. वरचं छान घर असू दे, पण खाणीच्या तोंडाशी एक खोली काढा: बेड, दोन पेट्या, क्राफ्टिंग टेबल, भट्ट्या. जमीन साधारण वाय ६४ ला, डायमंड मायनस ५९ च्या आसपास. म्हणजे दर फेरीला १२० ब्लॉक चढायचे आणि १२० उतरायचे. ही फेरी रोजच्या कामातून काढूनच टाका. खाली बेडवर झोपलात की मेल्यावर तिथेच उठता. पडलेलं सामान पाच मिनिटांत गायब होतं, त्यामुळे जवळ उठणं फार महत्त्वाचं. लाव्हात पडलं तर मात्र पाच मिनिटंही नाहीत. म्हणून पाण्याची बादली हॉटबारवर, कायम. आणि पायाखालचा ब्लॉक सरळ खाली खणायचा नाही, हे तुम्हाला माहीत असेलच.

भट्टीचा प्रश्न तर गमतीचा आहे. एका भट्टीला एक वस्तू भाजायला १० सेकंद लागतात. ६४ लोखंड एका भट्टीत टाकलं तर १० मिनिटं ४० सेकंद. आठ भट्ट्या मांडा, प्रत्येकीत आठ लोखंड आणि एक कोळसा टाका. एक कोळसा बरोबर आठ वस्तू भाजतो, एक कणही वाया नाही. ८० सेकंदात काम खलास. कोळसा तेवढाच, लोखंड तेवढंच. एका भट्टीला आठ दगड लागतात आणि कॉबल्ड डीपस्लेटची भट्टी होते. दगड तर तुम्ही वैतागून फेकताच आहात.

दगडांवरून आठवलं. दोन उंच, एक रुंद बोगदा १०० ब्लॉक खणला की २०० दगड खिशात येतात, म्हणजे तीन स्टॅकहून जास्त. खिशात ३६ खण आहेत. पोरं हे सगळं वर नेतात, पेटीत नीट लावतात, आणि मग म्हणतात जागा नाही. एक-दोन स्टॅक ठेवा, बाकीचा तिथेच टाका. कच्चं लोखंड, रेडस्टोन, कोळसा यांचे जागच्या जागी ब्लॉक करा, नवाचा एक होतो. पेट्यांची सात मिनिटं इथे निम्मी होतील असा माझा अंदाज आहे.

आता भटकणं. बेडरॉकवर वर्ल्ड सेटिंगमध्ये ‘शो कोऑर्डिनेट्स’ चालू करा. ते चीट धरत नाहीत, अचिव्हमेंट बंद होत नाहीत. आणि जुने व्हिडिओ बघू नका, प्लीज! अजूनही सर्चमध्ये ‘वाय ११ ला डायमंड’ असं सांगणारे व्हिडिओ वर येतात. ते तेव्हा बरोबर होते. ३० नोव्हेंबर २०२१ ला १.१८ आलं, जगाचा तळ मायनस ६४ ला गेला आणि सगळं गणित बदललं. आता डायमंड वाय १६ पासून खाली मिळतात आणि जितकं खाली जाल तितके जास्त. मायनस ६० पासून खाली बेडरॉक सुरू होतो, म्हणून मायनस ५९ किंवा ५८. लोखंडाचा जोर वाय १६ ला आहे, आणि उंच डोंगरांत २३२ च्या आसपास. तांबं ४८, सोनं मायनस १६, कोळसा ९६.

मोठ्या गुहेत फिरायचं की बोगदा खणायचा, हे भांडण प्रत्येक ग्रुपमध्ये आहे. माझं मत: लोखंड, कोळसा, तांबं हवं असेल तर गुहा. भिंतीवर समोर दिसतंय, उचला. डायमंडला बोगदा. कारण जे डायमंड हवेला उघडे पडतील अशा जागी यायला हवे होते, त्यातले बरेच गेम मुळात घालतच नाही. आणि मायनस ५४ च्या खाली गुहांमध्ये लाव्हा भरलेला असतो. बोगद्यांमध्ये दोन-दोन ब्लॉक सोडले तर मधलं काही नजरेतून सुटत नाही. पण डायमंड बहुतेक वेळा गुच्छात असतात, त्यामुळे जास्त अंतर सोडलं तर एखाददुसरा सुटतो आणि तरीही फोडलेल्या ब्लॉकमागे जास्त मिळतात. आपल्याला जगातला प्रत्येक हिरा नकोय, आजच्या पाऊण तासात जास्तीत जास्त हवेत. मी पाच-सहा ब्लॉक सोडतो.

आता त्याचे सहा डायमंड. माझं ऐकशील तर तीनचं पिकॅक्स आणि दोनचं एन्चांटिंग टेबल. एक उरतो, तो पेटीत. आणि इथून पुढे डायमंड दिसला की फोडायचा नाही! कोऑर्डिनेट्स लिहून ठेवायचे, पुढे जायचं. फॉर्च्युन थ्री मिळालं की परत येऊन फोडायचे, कारण त्याने एका ओरमागे सरासरी २.२ डायमंड मिळतात. दहा ओरचे बावीस. जड जातं, मान्य आहे. समोर हिरा चमकतोय आणि आपण पुढे जायचं.

एन्चांटिंग फुल लेव्हलला न्यायला १५ बुकशेल्फ लागतात. त्यांना ४५ पुस्तकं, त्याला १३५ कागद आणि ४५ चामडी. कागद म्हणजे ऊस. आपल्याकडे कोणाला उसाबद्दल काय सांगायचं, पण इथे कारखान्याच्या तारखेची वाट बघावी लागत नाही. पाण्याकाठी लावायचा, खालचा ब्लॉक ठेवून वरचा तोडायचा, खोडवा आपोआप येतो. एक अट आहे. फोनवर सिम्युलेशन डिस्टन्स बहुधा ४ चंक असतं, म्हणजे तुमच्यापासून साधारण ६४ ब्लॉकच्या पलीकडे वेळ थांबलेला असतो. ऊस लांबच्या घराशी लावलात तर तुम्ही खाणीत असताना तो वाढतच नाही. म्हणून ऊस खाणीच्या बरोबर डोक्यावर लावा. चंक वरपासून खालपर्यंत एकच असतो. तुम्ही खाली खणताय, वर ऊस वाढतोय.

तोच कागद लायब्रेरियनला विका, २४ ला एक एमराल्ड. आणि फ्लेचर! फ्लेचर ३२ काड्यांना एक एमराल्ड देतो. एका ओंडक्याच्या आठ काड्या, म्हणजे चार ओंडक्यांना एक. ६४ ओंडक्यांचा एक स्टॅक म्हणजे १६ एमराल्ड, आणि फ्लेचर एका दमात १६ वेळाच घेतो, म्हणजे हिशोब बरोबर बसतो. मग त्याच लायब्रेरियनकडून एफिशिअन्सी, फॉर्च्युन, मेंडिंगची पुस्तकं घ्या. त्याच्याकडे हवं ते पुस्तक नसेल तर लेक्टर्न फोडून परत ठेवा, नवं पुस्तक दाखवतो. फक्त त्याच्याशी एकही व्यवहार व्हायच्या आधी. हे ढोलीतल्या पोपटाकडून चिठ्ठी काढण्यासारखं आहे, कधी चौथ्या वेळी निघते, कधी चाळिसाव्या.

आयर्न फार्मचं पण विचारलंय त्याने. बेडरॉकवर गावाला किमान २० बेड आणि १० व्हिलेजर लागतात, तेव्हा गोलम येतो, आणि एक गोलम ३ ते ५ लोखंड देतो. बांधायला त्याचे चार-पाच दिवस जातील. आता गरज बघा. पूर्ण चिलखत २४, बादली ३, ऐरण ३१. सगळं मिळून ५८. एका बऱ्या गुहेत एका दिवसात होतं. एवढ्यासाठी फार्म नको. हॉपर, रूळ असं काही मोठं बांधायचं असेल तर मात्र लगेच बांध.

हे सगळं मी त्याला लिहिलं. त्याचं उत्तर आलं: “दादा पटलं. पण बीकनचा तो उजेड लांबून कसला भारी दिसतो.”

हे कारण मला शंभर टक्के मान्य आहे. मग नऊ ब्लॉकचाच कर, उजेड तेवढाच पडतो. वर रंगीत काच लावलीस तर रंगही बदलतो. पुढच्या एपिसोडला नेदरमध्ये जाऊ, एन्शंट डेब्री आणि बेड फोडून खणायची ती वेडी पद्धत. तोपर्यंत एकदा स्टॉपवॉच लावा आणि तुमचे आकडे मला पाठवा.