जुन्या छायाचित्रांतील चेहरे आणि संगणकाचे भिंग
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्यापैकी अनेकांच्या घरी एखादे जुने समूह-छायाचित्र जपून ठेवलेले असते. पुढे सतरंजीवर मुले, मध्ये खुर्च्यांवर वडीलधारी मंडळी, मागे उभे तरुण. चेहरे चाळीस-पन्नास, नावे मात्र कोठेच लिहिलेली नाहीत. ती सांगू शकणारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत. ती आहेत तोवर हे चेहरे ओळखून घ्यावेत, एवढ्याचसाठी हा विषय आम्ही आज घेतला आहे.

आठ इंच रुंद व सहा इंच उंच छायाचित्र स्कॅनरवर इंचास ६०० बिंदू या प्रमाणात उतरविले, तर ४,८०० गुणिले ३,६०० म्हणजे १,७२,८०,००० बिंदूंची प्रतिमा तयार होते. संगणकाच्या सामान्य पडद्यावर मात्र १,९२० गुणिले १,०८० एवढेच बिंदू असतात. सबंध चित्र त्यात बसवायचे तर ते तीस टक्क्यांवर आणावे लागते; म्हणजे मूळच्या सुमारे अकरा बिंदूंचे काम पडद्यावरील एकच बिंदू करतो. मूळचा पाव इंची चेहरा १५० बिंदूंचा असूनही आपणांस ४५ बिंदूंचाच दिसतो. तेवढ्यावरून ‘काही ओळखू येत नाही’ म्हणून उठणे योग्य नव्हे.

डिजिकॅमसारख्या विनामूल्य कार्यक्रमात चित्र शंभर टक्क्यांवर आणावे. तेथे एका बिंदूस एक बिंदू मिळतो. एका वेळी चित्राचा सुमारे आठवा भागच दिसेल. तेव्हा माउसने चित्र सरकवीत एकेक रांग पाहावी. झूम करूनही चित्र धूसर राहिले, तर कार्यक्रम झटपट दाखविण्यासाठी लहान प्रत तर वापरीत नाही ना, हे पाहून पूर्ण आकाराचे चित्र निवडावे.

शंभर टक्क्यांच्या पुढे मात्र चित्र केवळ मोठे होते, नवीन काही सांगत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? म्हणून खरी काळजी स्कॅन करतानाच घ्यावी. इंचास ३०० बिंदू घेतले, तर तोच चेहरा ७५ बिंदूंत आटोपतो. मोबाईलवरून साधे छायाचित्र म्हणून पाठविलेली प्रतही बहुधा आकसते. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी आणि एक प्रत निराळी जपावी.

तरुण मंडळींस आमची विनंती एवढीच की, या दिवाळीत घरच्या आजीआजोबांना संगणकापुढे बसवा, एकेक चेहरा मोठा करून दाखवा, आणि ते सांगतील ते नाव तेथल्या तेथे चित्राच्या माहितीत लिहून ठेवा. भिंग संगणकाचे असले, तरी ओळख त्यांच्याच डोळ्यांत आहे.