मामा तलावांचा काठ

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलाव हजारोंनी आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातल्या जाणत्यांनी यांतले कितीतरी बांधले. धानाला पाणी आणि ढिवर या मासेमार समाजाला मासळी यांच्यातूनच मिळे. १९५०च्या कायद्याने मालगुजारी ही जमीनदारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि पाळीची आणि तुडुमाची, म्हणजे पाणी सोडायच्या दाराची, देखभाल सुटत गेली. गाळ साचला. काठावर बेशरम हे उपद्रवी झुडूप माजले.

आता दुरुस्तीला पैसा येतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण बऱ्याच ठिकाणी दुरुस्ती म्हणजे नुसते खोलीकरण. जेसीबी उतरतो, तळ खरवडतो, काठ उभे कापतो आणि तलावाचा हौद होऊन बसतो.

तलावाचा सगळ्यात जिवंत भाग असतो तो काठाचा उथळ उतार. देवधान, म्हणजे रानटी भात, तिथेच उगवते. पावसाळ्यात कितीतरी मासे अंडी घालायला तिथल्याच गवतात येतात. कमळपक्ष्याची मादी तरंगत्या पानांवर अंडी घालते; ती उबवतो आणि पिले सांभाळतो नर. पानेच नसतील तर त्याने बसावे कुठे? सारसही अशाच उथळ पाण्यात किंवा धानाच्या बांधीत गवताकाड्यांचा ढीग रचून घरटे करतो. महाराष्ट्रात हा पक्षी आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे, तोही मोजकाच.

याच जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव भागात मात्र दुरुस्तीची वेगळी वाट चोखाळली गेली. मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांना सोबत घेतले, किंबहुना त्यांच्याकडूनच शिकून घेतले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की बेशरम मुळासकट उपटायची, कारण कांडीचा तुकडा राहिला तरी ती पुन्हा फुटते. मग उघडा पडलेला तळ नांगरायचा आणि देशी पाणवनस्पती आणून लावायच्या. कोणती वनस्पती किती पाण्यात धरते आणि कोणता मासा तिच्या आसऱ्याला येतो, हे ढिवरांना ठाऊक होते. ते शास्त्रच आहे. ढिवर बायांनीही चिखलात उतरून हे काम केले. वनस्पती रुजल्या तसे देशी मासे वाढले, पक्षीही येऊ लागले. अशा तलावात गवत्या मासा (ग्रास कार्प) मात्र सोडू नये. तो पाणवनस्पतींवरच जगतो. लावलेले सारे फस्त करतो.

तुमच्या ग्रामसभेत गाळ काढण्याचा ठराव येईल तेव्हा त्याला जरूर पाठिंबा द्या, पण काठाचा उतार मोडू देऊ नका आणि सगळा तळ एकाच उन्हाळ्यात खरवडू देऊ नका. आणि अंदाजपत्रक तयार होण्याआधी अभियंत्यांना गावातल्या ढिवरांसोबत एकदा तलावाच्या काठाने फिरवून आणा.