नवा छंद आणि स्वतःशी लावलेली पैज

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-गौरव समारंभात केलेले भाषण)



विद्यार्थ्यांस उपदेशाचे चार शब्द सांगावेत, अशी आज्ञा चिटणीसांनी आम्हांस केली. उपदेशाची आपल्या समाजात कधीच वाण नव्हती. कोणत्या परीक्षेस बसावे, कोणती शाखा घ्यावी, किती वाजता उठावे, हे सांगणारी वडील मंडळी प्रत्येक घरी आहेत. म्हणून त्या वाटेस न जाता, ज्या गोष्टीविषयी अशा व्यासपीठावरून सहसा कोणी बोलत नाही, त्या गोष्टीविषयी बोलण्याचे आम्ही योजिले आहे. ती गोष्ट म्हणजे महाविद्यालयीन वयात जोडावयाचा छंद व स्वतःच स्वतःशी लावावयाची पैज.

आजच्या गौरवपत्रिकेत प्रत्येक नावापुढे टक्केवारी छापलेली आहे. ती वाचून आम्हांसही आपल्या सर्वांप्रमाणेच धन्यता वाटली. परंतु टक्केवारीच्या शेजारी आणखी एक रकाना असता, आणि त्यात 'या वर्षी परीक्षेखेरीज कोणती नवी गोष्ट करून पाहिली?' एवढाच प्रश्न असता, तर किती जागा भरल्या असत्या व किती कोऱ्या राहिल्या असत्या, याचा विचार ज्याने त्याने आपल्या मनाशी करावा.

त्या जागा कोऱ्या राहाव्यात यात विद्यार्थ्यांचा दोष थोडा आहे. आपला समाज नोकरपेशाचा. दोन-तीन पिढ्यांपूर्वी आपल्या आजोबा-पणजोबांनी जी उन्नती साधली ती केवळ शिक्षणाच्या बळावर. वार लावून जेवावे, रस्त्याच्या दिव्याखाली वाचावे आणि परीक्षा पास होऊन घरच्यांस हात द्यावा, अशा कष्टांतून ही घरे उभी राहिली. साहजिकच पुस्तकाबाहेर गेलेली प्रत्येक घटका म्हणजे चैन, अशी आपली दृढ समजूत होऊन बसली. ज्या घरात एका मुलाच्या नापास होण्याने चार माणसांच्या तोंडचा घास जात असे, त्या घराने अशी भीती बाळगली तर तिला दोष कोण देईल? परंतु भीतीचे कारण गेले तरी भीती तशीच राहावी, हे मात्र शहाणपणाचे नव्हे.

प्रथम छंद कशास म्हणावे ते पाहू. नुसती करमणूक म्हणजे छंद नव्हे. हातातील भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दुसऱ्याचे पोहणे, दुसऱ्याचे गड चढणे आणि दुसऱ्याचे गाणे घटकान् घटका पाहणे ही करमणूक असेल. तीत आपल्या शरीरास वा बुद्धीस काही करावे लागत नाही. व्यसन म्हणजेही छंद नव्हे. कारण व्यसन माणसास धरून ठेवते आणि छंदास माणूस धरून ठेवतो. ज्यात आपले हात, पाय किंवा डोके राबते, ज्यात काल न आलेली गोष्ट आज थोडी अधिक येते, आणि कोणी पैसे दिले नाहीत वा पाठ थोपटली नाही तरी जी गोष्ट उद्या पुन्हा करावीशी वाटते, तो छंद. त्यास मोजमाप व मुदत घातली की पैज झाली. 'मी पोहावयास शिकेन' हा छंद झाला. 'होळीपर्यंत न थांबता तलावाच्या दहा फेऱ्या पोहेन' ही पैज झाली.

आता एका गृहस्थांचा दाखला देतो. ते आमच्यासारखेच शाळामास्तर होते, म्हणून त्यांच्याविषयी आम्हांस विशेष अभिमान वाटतो. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असता त्यांस अंकांशी खेळण्याचा नाद होता. १९२७ साली, म्हणजे विद्यार्थिदशेतच, स्वतंत्र गणिती लेखनासाठी असलेले रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांनी मिळविले. पुढे पदव्युत्तर शिक्षण झाले नाही. १९३० ते १९६२ पर्यंत त्यांनी नाशिकजवळील देवळाली येथे शाळेत शिकविले आणि तो कॉलेजातील नाद अखेरपर्यंत सोडला नाही.

त्या नादातून काय निघाले ते येथे बसलेल्या लहान मुलांसही करून पाहता येईल. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. मात्र चारही अंक एकच नसावेत. समजा, ३५२४ घेतली. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडले तर ५४३२ होतात, चढत्या क्रमाने मांडले तर २३४५. वजाबाकी केली, ३०८७ उरले. या संख्येवर तीच क्रिया करा: ८७३० वजा ०३७८, बाकी ८३५२. पुन्हा एकदा: ८५३२ वजा २३५८, बाकी ६१७४. आता ६१७४ वर हीच क्रिया केली तर पुन्हा ६१७४ च येतात! कोणत्याही संख्येपासून आरंभ करा, फार तर सात वजाबाक्यांत आपण याच मुक्कामास येऊन पोहोचतो. हा शोध कापरेकरांचा, १९४० नंतरच्या दशकातला. आज जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत ही संख्या त्यांच्या नावाने ओळखली जाते. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० व २५ यांची बेरीज पुन्हा ४५. अशा संख्यांसही त्यांचेच नाव आहे. संख्यांच्या आणखी एका प्रकाराची कल्पना डोंबिवली स्थानकावर सुचली म्हणून तीस त्यांनी स्थानकावरून 'डेम्लो' असे नाव दिले!

अनेक विद्वानांनी आरंभी या कामाची उपेक्षाच केली. १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर या लेखकाने त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव सर्वदूर झाले. त्या वेळी कापरेकर सत्तरीत होते. सांगावयाचे तात्पर्य हे की, कीर्ती येण्यापूर्वीची जवळजवळ पन्नास वर्षे हा मनुष्य पाटी-पेन्सिलीच्या खर्चात आनंदात होता. छंदाचे खरे उत्पन्न ते हेच. कीर्ती आली तर ती वरची दक्षिणा.

पैजेचा दाखला एका मुलीचा देतो. कलकत्त्याची आरती साहा ही १९५९ साली इंग्लिश खाडी पोहून जाण्यास निघाली. त्या वर्षीच्या ऑगस्टमधील पहिला प्रयत्न फसला. चौदा तासांहून अधिक वेळ पाण्यात काढूनही, किनारा जवळ आला असता, प्रवाहापुढे तिला माघार घ्यावी लागली. अवघ्या महिनाभराने, २९ सप्टेंबर १९५९ रोजी, ती पुन्हा पाण्यात उतरली आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावरून इंग्लंडच्या किनाऱ्यास लागली. असे करणारी ती आशिया खंडातील पहिली स्त्री. तेव्हा तिचे वय एकोणीस वर्षांचे होते. आज येथे बसलेल्या कित्येक मुलींचे तेच वय आहे. प्रत्येकीने खाडी पोहावी असे आम्ही म्हणत नाही. फसलेल्या प्रयत्नानंतर महिनाभराने पुन्हा पाण्यात पाय घालता येतो, एवढेच तिच्याकडून घ्यावे.

हे थोरांचे दाखले झाले. 'ती माणसे निराळी, आमचे काय?' असे कोणी म्हणेल, म्हणून आपल्याच एका सभासदांच्या कन्येची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही. ती येथे बसली आहे व नाव घेतलेले तिला रुचणार नाही. वाणिज्य शाखेत प्रवेश घेतल्यावर तिने ठरविले की, दर सहा महिन्यांस एक नवी गोष्ट करून पाहावयाची. पहिली गोष्ट पोहणे. नगरपालिकेच्या तलावावर ती दोन महिने गेली. पण सकाळची वेळ आणि कॉलेजची गाडी यांचा मेळ बसेना, म्हणून पाण्याची भीती मोडताच तिने ते थांबविले. दुसरी गोष्ट कळसूबाईचे शिखर, महाराष्ट्रातील सर्वांत उंच, १६४६ मीटर. श्रावणात मैत्रिणींसह बारी गावातून निघाली. वाटेत कड्यास लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. त्या भिजलेल्या, वर धुके, म्हणून मंडळी अर्ध्यातून परतली. घरी आल्यावर थोडी थट्टा झाली. पौषात ती पुन्हा गेली आणि शिखरावरील देवीचे दर्शन घेऊन आली.

तिसरी गोष्ट मोडी लिपी. राज्याच्या पुराभिलेख विभागाकडून मोडीचे वर्ग चालविले जातात. तशा एका वर्गात तिने नाव घातले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडे पुष्कळसा व्यवहार मोडीत चाले, आणि आज घरोघरचे कागद वाचणारा मनुष्य मिळत नाही. आधी ओळभर रेघ ओढावयाची व मग लेखणी शक्यतो न उचलता अक्षरे जोडीत जावयाचे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळावयाचा नाही. म्हणून ही लिपी लिहिणारास सोपी आणि वाचणारास अवघड.

येथवर सारे गोड झाले. परंतु दुसऱ्या वर्षी तिचे गुण उतरले. वडिलांनी साहजिकच सांगितले, "आता हे सारे बंद." घरात दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी तिने वहीत आपल्या आठवड्याचा हिशेब मांडून वडिलांपुढे ठेवला. त्यात असे दिसले की मोडीस आठवड्याचे तीन तास जात होते आणि भ्रमणध्वनीस एकोणीस. बाप-लेकीत करार झाला: मोडी चालू राहावी, एकोणीसाचे पाच व्हावेत, आणि पुढील परीक्षेत गुण न वाढल्यास तिने आपण होऊन मोडी सोडावी. गुण वाढले. आम्हांस त्या मुलीइतकेच त्या वडिलांचेही कौतुक वाटते. त्यांनी हिशेब वाचला. नुसता आवाज चढविला नाही.

याचा आपल्या मंडळाशी संबंध पुढेच आहे. कार्यालयाच्या माळ्यावर जुन्या वह्यांचे एक गाठोडे होते. कोणास वाचता येईना, म्हणून गेल्या वर्षी ते रद्दीत घालावे असा विचार चालला होता. या मुलीने ते मागून घेतले. त्यात १९२८ सालची विद्यार्थी-साहाय्य निधीची खतावणी निघाली. तीत पुस्तकांस व फीस दिलेल्या रकमा आहेत. कित्येक नावांपुढे 'नोकरी लागल्यावर परत आले' असा शेरा आहे. आणि एका नावापुढे लिहिले आहे: चित्रकलेच्या रंगांकरिता, रुपये सव्वादोन.

बंधूंनो, ही नोंद ऐकून आम्ही थोडा वेळ निःशब्द झालो. ज्या काळी आपल्या पूर्वजांपाशी मुलांच्या फीस पुरेल एवढा पैसा नव्हता, त्या काळी त्यांनी एका मुलास रंगांसाठी सव्वादोन रुपये दिले. तो मुलगा पुढे चित्रकार झाला की कारकून, हे खतावणीत लिहिलेले नाही. देणाऱ्यांनी ते विचारलेही नसावे. छंद म्हणजे चैन हा विचार आपण पूर्वजांचा म्हणून सांगतो. त्यांची वही मात्र निराळेच सांगते.

आता विद्यार्थ्यांस थोडक्यात चार सूचना. एका वेळी एकच नवी गोष्ट हाती घ्यावी. आरंभी साहित्य विकत घेऊ नये. उसने घ्यावे, जुने वापरावे, आणि तीन महिने टिकल्यावर मग खर्चाचा विचार करावा. पैज लहान, मोजता येण्याजोगी व मुदतीची असावी आणि तिची रोजची नोंद वहीत ठेवावी. जी गोष्ट जमत नाही ती खुशाल सोडावी, पण कंटाळ्याच्या दिवशी सोडू नये. ठरलेली मुदत पुरी करून सोडावी. पाणी, डोंगर व रस्ता यांच्याशी पैज लावताना जाणता सोबती घ्यावा आणि कोठे जातो ते घरी सांगून जावे. धाडस आणि अविचार यांतील अंतर फार थोडे असते.

पालकांस एकच विनंती. मुलाने नवी गोष्ट आरंभिली की, 'याचा उपयोग काय?' हा प्रश्न निदान सहा महिने विचारू नये. एकदा नोकरी व संसार सुरू झाला की माणसास फसण्याची मुभा राहत नाही. तेथे प्रत्येक चुकीस दाम मोजावा लागतो. फसावे, हसे व्हावे, पुन्हा उठावे आणि कोणाचे काही बिघडू नये, अशी आयुष्यात ही तीन-चार वर्षेच असतात. तीही आपण टक्केवारीच्या रकान्यात कोंडली, तर चाळिशीत पहिले अपयश आले असता हीच गुणी मुले खचून जातील. आणि ही मोकळीक मुलास द्यावी व मुलीस नाकारावी, असे तर मुळीच करू नये.

शेवटी कार्यकारी मंडळापुढे एक सूचना मांडतो. आपल्या विद्यार्थी-साहाय्य निधीत दरवर्षी एक छोटी रक्कम परीक्षेव्यतिरिक्त उद्योगांसाठी वेगळी काढावी. कोणास पोहण्याच्या तलावाची फी, कोणास तबल्याचा मास्तर, कोणास दुर्बीण. गुणांची अट नसावी. वर्षअखेर 'काय केले व काय जमले नाही' याचे एक पान लिहून द्यावे, एवढीच अट असावी. ती पाने पुढील वर्षीच्या स्मरणिकेत छापली तर टक्केवारीच्या यादीइतक्याच आवडीने वाचली जातील, याविषयी आम्हांस शंका नाही. ही सूचना नवी नाही. तिला १९२८ च्या खतावणीचा आधार आहे, आणि तो आधार वाचून दाखविणारी मुलगी आपल्यातच आहे.

सर्व विद्यार्थ्यांस यश व त्याबरोबर थोडी मोकळी हवाही लाभो, अशी श्रीचरणी प्रार्थना.