तराळाचा पोरगा संपादक होतो तेव्हा
(उंब्रज इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



उंब्रजला कृष्णेचं पाणी हाय. इथनं पूर्वेला माणदेशात गेलं की पाणी संपतं आन् आटपाडी लागते. तिथं ११ जुलै १९२१ ला शंकरराव खरात जन्मले. मी समीक्षक नाय. मॅट्रिक झालो नि गोदीत पाठीवर गोणी घेतली. म्हणून या लेखकाकडं मी कामाच्या बाजूनं बघतो.

बाप तराळ. तराळकी म्हणजे काय, हे शहरात वाढलेल्या आपल्या पोरांना ठाऊक नसतं. पाटलाचा निरोप घेऊन पळायचं. दवंडी द्यायची. बेवारस मढ्याची राखण करायची. मेलेलं ढोर ओढायचं. कुणी मेलं की परगावच्या सोयऱ्यांना सांगावा द्यायला रात्री-अपरात्री अनवाणी निघायचं. याला पगार नाय. दारोदार मागितलेली भाकर आन् तुकडाभर वतनी जमीन. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात या वतनाविरुद्ध बिल आणलं. वतन गेलं ते १९५८ च्या कायद्यानं.

आता नीट बघा. तराळ म्हणजे गावचा बातमीदारच. पण पाय आपले, बातमी मालकाची. तोंड आपलं, शब्द पाटलाचा. आपल्या घरात कोण उपाशी निजलं, याची दवंडी कधी कुणी दिली?

असल्या घरातला पोरगा शिकला, वकील झाला. बाबासाहेबांनी १९३० साली काढलेल्या 'जनता'चं १९५६ साली 'प्रबुद्ध भारत' झालं, त्या पत्राचा तो पुढं संपादक झाला. बापानं गावाचे निरोप वाहिले, पोरानं आपल्या माणसांचे छापले. मला ही गोष्ट त्यांच्या सगळ्या मानपानापेक्षा मोठी वाटते.

त्यांच्या पुस्तकांची नावं वाचा : 'बारा बलुतेदार', 'तडीपार', 'सांगावा', 'हातभट्टी', 'झोपडपट्टी', 'फूटपाथ नंबर १'. गावकुसाबाहेरनं सुटलेला माणूस कुठं कुठं जाऊन पडतो, त्याचे हे पत्ते हायत.

१९७२ साली पँथर उभी राहिली. त्या भाषेची सवय झालेल्या कानाला खरात मवाळ वाटतात. मलाही वाटतात. ते चिडतात कमी, नोंद जास्त करतात. पण ज्यांची नोंद फक्त पोलीस पाटलाच्या वहीत व्हायची, त्यांनी स्वतःची नोंद स्वतः करणं हीसुद्धा लढाईच हाय.

१९७५ साली ते मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९८१ ला 'तराळ-अंतराळ' हे आत्मकथन आलं. १९८४ ला जळगावच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष. हारतुरे झाले. पण आपला एक माणूस खुर्चीत बसला म्हणून व्यवस्था हलत नाय. त्याच विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळानं जुलै १९७८ मध्ये केला, आन् मराठवाड्यात आपली घरं पेटली. नामविस्ताराला १४ जानेवारी १९९४ उजाडला. कुलगुरूच्या खुर्चीपर्यंत तराळाचा पोरगा पोचू शकतो. पाटीवर बाबासाहेबांचं नाव लावायला मात्र माणसं मरावी लागतात.

९ एप्रिल २००१ ला खरात गेले. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात फोन हाय. दिवसभर आपण निरोप पुढं ढकलतो. कुणाचे? ज्यानं लिहिला त्याचं नाव माहीत नाय, त्याचा डाव माहीत नाय, तरी आपण पळतोय. ही फुकटची तराळकीच झाली.

आपल्या वस्तीत काय घडलं ते तारीख घालून लिहा. फिर्याद घेतली का, कुणी अडवली, साक्षीदार का फुटला, ते लिहा. चार पानं निघाली तरी छापा आन् हातानं गावोगाव न्या. सांगावा आता आपला हाय.

जय भीम!